"मळमळ तर सगळ्यांनाच होते, मग मलाच का सोसत नाही?"

समुपदेशक म्हणून दिवस गेलेल्या बायकांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी आधी ओठ बघते. ते सोलपटलेले असले, अंगातलं पाणी कमी झालेलं दिसलं, तर मनाचं बोलणं नंतर.

ती नवव्या आठवड्यात आली, पायाशी उलटीची पिशवी ठेवूनच बसली.

"शेवटची लघवी कधी झाली?"

ती चमकली. "काल रात्री. गडद होती."

घड्याळात दुपारचे बारा. वजन ५८ वरून ५४ किलो. आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली की ती नेहमीची मळमळ उरत नाही. बैठक तिथेच थांबवून तिला डॉक्टरांकडे धाडलं. तिला सलाईन लागलं. ग्लुकोजच्या आधी ब-१ जीवनसत्त्व दिलं होतं, ते योग्यच. उपाशी शरीरात ते कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पुढच्या वेळी पर्समधून मळमळीच्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी निघाली. "बाळाला बाधेल ना!" ही भीती हवेतली नाही. गरोदर बायकांना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइडने बाळांना जन्मतः व्यंग आल्यामुळे ते औषध १९६१ मध्ये मागे घ्यावं लागलं होतं. तिची डॉक्झिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्वाची गोळी मात्र वेगळी, गरोदरपणात भरपूर वापरून पारखलेली. ती हळूहळू विरघळते, म्हणून रात्री घेतली की सकाळी उपयोगी पडते. उलटी झाल्यावर घेऊन फायदा नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची.

तिसऱ्या बैठकीत ती पुटपुटली, "आई म्हणते, मनातून मूल नकोय म्हणून पोट बाहेर टाकतंय."

एके काळी जाणकारही असंच म्हणत. मी तिला जीडीएफ-१५ बद्दल सांगितलं. हे संप्रेरक गरोदरपणात मुख्यतः वारेतून येतं. ज्यांच्या शरीराला त्याची आधीपासून सवय नसते, त्यांना ते जास्त छळतं, असं २०२३ च्या संशोधनात दिसलं.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला राग आला तरी चालेल?"

गाठ इथे होती. चिडलो तर आईचं म्हणणं खरं ठरेल, म्हणून ती दोन महिने शहाण्यासारखी हसत होती. त्या दिवशी पोटभर रडली. मळमळ माझ्या बोलण्याने जात नाही, अपराधीपण जातं. आणि ते गेलं की बाई मदत मागते.

तिने नवऱ्याला वही दिली. उलट्या किती, लघवी किती वेळा, पोटात काय टिकलं, एवढंच लिहायचं. दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे गार पाणी, घोटभर नाही, कारण ताणलेलं पोट सगळंच परत फेकतं. उठण्याआधी अंथरुणातच कोरडं काहीतरी. जेवण गार, त्याला वास कमी येतो. उलटीनंतर लगेच ब्रश नको, आम्लाने दात झिजतात. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते, ती काही दिवस थांबवायची का हे डॉक्टरांना विचारायचं. फॉलिक ॲसिड चालू. आठ तास लघवी नाही, दिवसभर पाणीही टिकत नाही, उलटीत रक्त किंवा उभं राहताच भोवळ, तर वही मिटून थेट दवाखाना.

अठराव्या आठवड्यात ती वही घेऊन आली. शेवटची चार पानं जवळजवळ कोरी.

"पुढच्या वेळी पुन्हा असंच?"

शक्यता बरीच आहे, मी लपवलं नाही. म्हणून पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी औषधांचं ठरवायचं आणि मळमळ सुरू होताच गोळी घ्यायची. तिने ते वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.