फोनवर इतके प्रश्न कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मागच्या महिन्यात रात्री अडीचला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, नुसता घाम घाम. मी 108 लावला तर पलीकडची मुलगी विचारतेय वय किती, शुद्धीवर आहेत का, श्वास कसा चाललाय, शुगर-बीपी आहे का... मी म्हटलं अहो मॅडम आधी गाडी भेजो ना, आणि चिडून फोनच ठेवला, शेजाऱ्यांच्या कारमधून नेलं. बाबा आता बरे आहेत. पण एवढे प्रश्न कशाला? आणि 108 लावायचा की 112?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: बाबा बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमचा राग कळतो हो, पण थोडं तुम्हालाच बोलणार आहे.

पहिली गोष्ट, आपण इंदूरातून 108 लावतो तो फोन वाजतो भोपाळला, अख्ख्या मध्य प्रदेशचे कॉल तिथेच जातात. त्या मुलीला अन्नपूर्णा मंदिर कुठे आणि तुमची गल्ली कुठे काय माहीत! मोबाईलच्या टॉवरवरून फार तर एरिया कळतो, घर नाही, वरचा मजला तर नाहीच. म्हणून आधी पत्ता, सुदामा नगर म्हणून भागत नाही, सेक्टर, घर नंबर, समोर काय आहे ते सांगायचं. मी स्वतः एकदा "गणपती मंदिराजवळ, कोणालाही विचारा" असं सांगून बसले होते, रात्री दोनला विचारणार कोणाला!

आता ते प्रश्न. पत्ता मिळाला की कॉल पुढे जातो, गाडी पाठवायचं काम दुसरीकडे सुरू होतं आणि फोन घेणारी बोलतच राहते, म्हणजे प्रश्न चाललेत म्हणून गाडी थांबलीय असं समजू नका. शिवाय गाड्या दोन तऱ्हेच्या, एक साधी आणि एक हार्टचा मॉनिटर, शॉक द्यायचं मशीन वगैरे असलेली, छातीत दुखतंय आणि घाम आलाय हे कळल्याशिवाय कुठली पाठवायची ते ठरणार कसं? आणि समजा बाबा बेशुद्ध झाले असते, श्वास नीट चालत नसता, तर तीच मुलगी फोनवर सांगू शकते की छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, थांबू नका. म्हणून फोन स्पीकरवर टाकायचा आणि त्यांनी ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. कारमध्ये हे काहीच जमत नाही, मागच्या सीटवर बसून छाती कशी दाबणार. तरी दवाखाना पाच मिनिटांवर असेल आणि गाडी लांबून येणार असेल तर कारने नेणं चूक नाही, मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त परत फोन करून "आम्ही निघालो" एवढं सांगायचं होतं, ती गाडी दुसऱ्याच्या घरी गेली असती.

108 की 112? आजारपण, बाळंतपण, अपघात असेल तर सरळ 108, पैसे लागत नाहीत. 112 म्हणजे पोलीस, फायर, ॲम्बुलन्स सगळ्यांचा एकच नंबर, 2018 मध्ये सुरुवात हिमाचलपासून झाली. आपल्याकडे 2015 पासून पोलिसांचं डायल 100 होतं ना, त्याच्या जागी ऑगस्ट 2025 मध्ये हे 112 आलं. घाबरून काहीच सुचेना तर 112 लावा, ते योग्य ठिकाणी जोडून देतात. पुष्कळ स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबलं की हा कॉल जातो, साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचा, पण कंपनीप्रमाणे फरक असतो तेव्हा सेटिंगमध्ये आजच बघून घ्या, वेळ आल्यावर नाही.

आणि हो, गाडी निघाल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो, अनोळखी नंबरवरून. आमच्या घरी सगळे असले नंबर कट करतात, फ्रॉडच्या भीतीने, तुमच्याकडेही तेच असणार. त्या रात्रीपुरता तरी उचला, आणि एकाला टॉर्च घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभं करा.