आंधळा घोडा आणि पंचाहत्तर सेंट

प्रिय मुली,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आपल्या मेथडिस्ट चर्चच्या कॉन्फरन्समध्ये पाळकांच्या नेमणुका वाचल्या तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. तुझं नाव आणि त्यापुढे ते पाच गावांचं सर्किट ऐकलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या पाळकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्यांना म्हटलं, जाईल ती. काकूंनी मात्र घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, तिथे पाणी कसं आहे? त्याचं उत्तर तू अजून कळवलेलं नाहीस.

जायच्या आधी तू अमेरिकेतला तो घोड्यावरून फिरणारा मेथडिस्ट उपदेशक, पीटर कार्टराइट, याचं आत्मचरित्र पुन्हा वाचते आहेस आणि पहिल्या रविवारच्या संदेशात त्याचा एखादा किस्सा घेणार आहेस, असं लिहिलंस. कुठला, ते मी ओळखलं. कॅम्प मीटिंगमध्ये, म्हणजे उघड्यावर मुक्काम ठोकून चालणाऱ्या उपासनेत, हातात जड चाबूक घेऊन धिंगाणा घालणाऱ्या टग्यांचा. दंडाधिकारी त्यांना धरायला घाबरतात आणि हा उपदेशक व्यासपीठावरून उतरून त्यांना स्वतः लोळवतो. मीही तुझ्या वयात तोच घेतला होता. मंडळी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र कुणालाच संदेशाचं वचन आठवत नव्हतं.

हे पुस्तक १८५६ साली आलं. लिहिणारा तेव्हा सत्तरीचा होता. पन्नासेक वर्षं त्याने हेच किस्से शेकोटीपाशी, जेवणाच्या पंगतीत, व्यासपीठावर सांगितले होते. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते. खोटी होते असं म्हणत नाही, पण टोचणाऱ्या कडा झिजतात. नॅशव्हिलचा प्रसंगच घे. हा बोलत असताना जनरल अँड्र्यू जॅक्सन, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला, आत येतो. तिथला पाळक याचा कोट ओढून कुजबुजतो आणि हा मोठ्याने विचारतो, कोण जनरल जॅक्सन? पश्चात्ताप केला नाही तर तोही इतरांसारखाच नरकात जाईल. मग पुढे जॅक्सन त्याचंच कौतुक करतो! अशा गोष्टीत उपदेशक कधी हरतच नाही. म्हणून माझा एक साधा नियम आहे. जिथे तो जिंकतो, ती पानं हसत वाचायची. जिथे तो रिकाम्या हाताने उभा असतो, तिथे खुर्ची जवळ ओढून घ्यायची.

त्याचा जन्म १ सप्टेंबर १७८५चा, व्हर्जिनियातल्या ॲमहर्स्ट काउंटीतला. तो लहान असतानाच घर केंटकीला हललं. लोगन काउंटीच्या ज्या भागात ते राहिले त्याला लोक ‘बदमाशांचं बंदर’ म्हणत, कारण दुसरीकडून पळालेले गुन्हेगार तिथे येऊन दडत. आई मेथडिस्ट, भाविक. वडिलांनी मात्र पोराला शर्यतीचा घोडा दिला, पत्त्यांचा जोड दिला. पोरगा नाचात पटाईत आणि जुगारात पुढे. १८०१ साली, सोळाव्या वर्षी, त्याचं मन पालटलं. त्याच उन्हाळ्यात केन रिजच्या कॅम्प मीटिंगला हजारो माणसं जंगलात दिवसरात्र जमली होती आणि सारा केंटकी त्या हवेने भारला होता. कुणी रडत होतं, कुणी जमिनीवर कोसळत होतं, कुणाच्या अंगाला झटके येत होते. ती वर्णनं तू वाचलीच आहेस, मी त्यात रमत नाही. मला जास्त आवडते ती आई, जिने मुलाने आणून दिलेले पत्ते आगीत टाकले. घोडा विकला गेला. पण घोड्याशिवाय त्याचं पुढचं आयुष्य चालणार नव्हतं, हे तेव्हा त्या घरात कुणाला ठाऊक होतं?

सर्किट हा शब्द आपण आज सहज वापरतो. तेव्हाचं सर्किट म्हणजे चार ते सहा आठवड्यांची फेरी. रोज कुठल्या तरी लाकडी झोपडीत किंवा झाडाखाली उपासना, मग पुढचा ओढा, पुढची झोपडी. खोगिराच्या पिशवीत पवित्र शास्त्र, गीतपुस्तक आणि डिसिप्लिन, म्हणजे मंडळीच्या नियमांचं पुस्तक. एवढीच लायब्ररी. अविवाहित उपदेशकाचा भत्ता वर्षाला ८० डॉलर, तोही क्वचितच पुरा मिळायचा. पाऊस धोधो कोसळत असला की लोक म्हणायचे, आज बाहेर फक्त कावळे आणि मेथडिस्ट उपदेशक!

आता ते पान, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. ओहायोतलं मॅरिएटा. घरून निघून तीन वर्षं झालेली, घर पाचशे मैल दूर. घोडा आंधळा झालाय. खोगीर झिजलंय. लगामाच्या वाद्या निदान डझनभर वेळा खाल्ल्या गेल्यात आणि कशाबशा बदलल्यात. कपड्यांना एवढी ठिगळं की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागावं. खिशात पंचाहत्तर सेंट. हा विशीतला मुलगा ठरवतो, घरी जायचं. वाटेत कुणी जेवू घालतं, कुणी थोडे पैसे देतं, आणि तो पोहोचतो. आणि ज्या बापाने पत्ते दिले होते तोच बाप त्याला नवा घोडा, खोगीर, लगाम, कपडे आणि रोख ४० डॉलर देतो. तो पुन्हा निघतो.

या पानावर कुणाचं तारण होत नाही, कुणाचा पराभव होत नाही. म्हणूनच ते मला खरं वाटतं. तो घरी जायला लाजला नाही हे बघ. आपल्यातले किती जण लाजतात! पहिल्या नेमणुकीत तिसऱ्या महिन्यात पगार अडकला तेव्हा मी घरी एक अक्षर कळवलं नव्हतं. खिचडी आणि चहावर महिना काढला आणि त्यालाच विश्वास समजत राहिलो. ती नुसती ऐट होती.

शिक्षणाबद्दल तू मला टोमणा मारला आहेस, की कार्टराइट सेमिनरीत शिकलेल्यांची टर उडवतो आणि तू मात्र चार वर्षं ग्रीक घोकलीस. उडवतो खरी. शिकलेले उपदेशक त्याला पीच झाडाच्या सावलीत वाढलेल्या लेट्यूससारखे फिकट वाटत. पण हाच माणूस तरुणपणी विल्यम मॅकेंड्रींच्या हाताखाली व्याकरणाची पुस्तकं घेऊन बसला होता. मॅकेंड्री तेव्हा त्याचे प्रिसायडिंग एल्डर, म्हणजे आपल्या भाषेत डीएस साहेब, जिल्ह्यातल्या पाळकांवरचे अधिकारी. पुढे बिशप झाल्यावर त्यांनीच १८०८ साली त्याला एल्डर, म्हणजे पूर्ण पाळक, म्हणून दीक्षा दिली. आणि इलिनॉयमध्ये कॉलेजं उभी राहावीत म्हणून पुढे हा स्वतः झटला. तेव्हा ग्रीक सोडू नकोस. फक्त गावात बोलताना ती पिशवीत ठेव.

आता घराकडे येतो, कारण पुस्तकात ते फार कमी येतं. १८०८च्या ऑगस्टमध्ये त्याने फ्रान्सिस गेन्सशी लग्न केलं. त्या काळी उपदेशकाने लग्न करणं वरिष्ठांना खपत नसे. बिशप ॲसबरी स्वतः जन्मभर अविवाहित. लग्न झालं की बहुतेक उपदेशक फिरणं सोडून शेती धरत. याने दोन्ही धरलं. नऊ मुलं झाली, सात मुली आणि दोन मुलगे. फिरणं सुरूच. मग त्या शेतीवर कोण होतं, दुभती जनावरं कुणी बघितली, तापलेल्या पोरांपाशी कोण जागलं, याचा हिशेब तूच कर. त्याने बाकी सगळे हिशेब ठेवलेत: १४,६०० प्रवचनं, ८,००० मुलांचे आणि ४,००० प्रौढांचे बाप्तिस्मे. घरी जेवलेल्या रात्रींचा आकडा मला कुठे सापडला नाही.

१८२४ साली तो कुटुंब घेऊन केंटकी सोडतो आणि इलिनॉयच्या सँगमन काउंटीत येतो. कारणं त्याने स्वतः दिलीत. गुलामगिरीच्या वाऱ्यापासून दूर जायचं, मुलींची लग्नं गुलाम बाळगणाऱ्या घरांत होऊ द्यायची नाहीत, मुलांसाठी थोडी जमीन करायची. त्याच वर्षी इलिनॉयच्या मतदारांनी गुलामगिरीला वाट देऊ पाहणारा प्रस्ताव फेटाळला होता. (उत्तरेतल्या कडव्या गुलामगिरीविरोधकांवरही हा पुढे तितकाच चिडत असे, हेही लक्षात असू दे. माणूस एका रंगाचा नसतो. आणि ज्या भूमीला आपण ‘सरहद्द’ म्हणतो तिच्यावरचा हक्क किकापू लोकांनी पाचच वर्षांपूर्वी करारावर सही करून सोडला होता. ओसाड काहीच नव्हतं.)

त्या प्रवासात एका रात्री उघड्यावर मुक्काम पडला. धडधाकट दिसणाऱ्या एका झाडाच्या बुंध्याशी शेकोटी पेटवली. ते झाड आतून पोखरलेलं होतं. पहाटेच्या आधी ते कोसळलं आणि झोपलेली तिसरी मुलगी त्याखाली गेली. ती जागीसुद्धा झाली नाही. जवळपासच्या घरातून मदत मिळाली नाही. तिचा देह वीस मैल नेऊन त्यांनी पुरला. हे त्याने लिहिलंय, पण थोडक्यात, आणि लगेच पुढचा प्रवास सुरू होतो. पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता, की एवढंच? आमची धाकटी गेल्यानंतर पुन्हा वाचलं. तेव्हा कळलं की त्याहून जास्त त्याला लिहवलं नसणार.

राजकारणाचं थोडक्यात. १८३२ साली इलिनॉयच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत तो निवडून आला आणि अब्राहम लिंकन नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा पडला. १८४६ साली काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, दोघे समोरासमोर. लिंकन देवाला मानत नाही, अशी कुजबुज पसरली. लिंकनने पत्रक काढलं, की मी कुठल्या चर्चचा सभासद नाही हे खरं, पण शास्त्राची सत्यता कधी नाकारलेली नाही. मतं पडली लिंकनला ६,३४० आणि कार्टराइटला ४,८२९. व्यासपीठावरचा माणूस मतपेटीत उतरला की काय होतं, ते आपल्या गावांतही बघशील. तुला कुणीतरी पॅनलमध्ये ओढेलच. मी दोनदा गेलो आणि दोन्हीदा पस्तावलो. पण तुला जायचंच असेल तर समोरच्याच्या श्रद्धेवर बोलू नकोस.

पण त्या दोघांची खरी गोष्ट पुढची आहे. १८५९च्या उन्हाळ्यात प्लेझंट प्लेन्सच्या एका औषधाच्या दुकानात हातघाई झाली आणि कार्टराइटच्या मुलीचा मुलगा पीची क्विन हॅरिसन याच्या सुऱ्याने ग्रीक क्रॅफ्टन हा तरुण मेला. हा क्रॅफ्टन लिंकनच्या कचेरीत वकिली शिकलेला. कार्टराइट त्या मरणाऱ्या पोराच्या खाटेपाशी जाऊन बसला होता. खटला उभा राहिला तेव्हा नातवाचं वकीलपत्र कुणी घेतलं? लिंकनने. आणि साक्षीला कोण? आजोबा. त्यांनी सांगितलं की मरताना क्रॅफ्टनने दोष स्वतःकडे घेतला आणि क्विनला क्षमा केली. नातू सुटला.

मी हे दृश्य पुष्कळदा डोळ्यांसमोर आणलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, ज्याने हजारोंना न्यायाच्या दिवसाची भीती घातली, तो स्वतः कोर्टात उभा. समोर तोच वकील, ज्याच्या श्रद्धेवर याच्या माणसांनी चिखल उडवला होता. तिथे त्याचा दरारा उपयोगाचा नव्हता. उपयोगी पडलं ते एवढंच, की तो त्या खाटेपाशी गेला होता. नातवाला वाचवायला गेला की उपदेशक म्हणून गेला? दोन्ही असणार. तुझ्याही वाट्याला अशी खाट येईल, जिथे मरणारा आणि मारणारा दोघेही तुझ्याच मंडळीतले असतील.

तो २५ सप्टेंबर १८७२ रोजी गेला. त्याआधी १८६९ साली प्रिसायडिंग एल्डर म्हणून त्याच्या पन्नास वर्षांचा कॉन्फरन्सने सत्कार केला. त्याच सुमारास, १८७१ साली, विल्यम टेलर मुंबईत उपदेश करू लागले. हे कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उपदेश केलेले, कार्टराइटच्याच घडणीचे. मुंबईतली आपली मेथडिस्ट मंडळी तिथून सुरू होते. १८४८पासून मुंबईत राहिलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. बोवेन एकटे. टेलर संसारी, पण बायको ॲन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात, वर्षानुवर्षं.

हे सगळं तुला का सांगतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. आपलं सर्किट ज्यांनी आखलं ते एक तर एकटे होते, नाही तर त्यांच्या मागे एक फ्रान्सिस होती, एक ॲन होती. माझ्यामागे काकू होत्या. मी पाच गावं सायकलवर फिरलो तेव्हा त्यांनी शिलाई मशीन चालवून घर चालवलं, आणि रिपोर्टात नाव माझं छापून आलं. ‘पाळकीणबाई’ म्हणून त्यांना आदर पुष्कळ मिळाला, पगार कधी नाही. आता तू पाळक. तुझ्यामागे कोण? तुझी आई दोन महिने येते म्हणाली आहे, ते कळलं. त्यानंतर? लग्न ठरतंय त्या मुलाशी हे आत्ताच बोल, देवाची इच्छा वगैरे शब्द न वापरता: रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर घरी कोण, स्वयंपाक कोण, बदली झाली तर त्याच्या नोकरीचं काय. तो गप्प बसला तर घाई करू नकोस. डीएस साहेबांना पहिल्याच भेटीत विचार, की पाच गावांना पेट्रोलभत्ता किती आणि तो कुठल्या तारखेला. लाजू नकोस. ८० डॉलरसुद्धा पुरे मिळत नव्हते, हे त्यांनाही माहीत आहे.

संदेशात किस्सा घ्यायचाच असेल तर मॅरिएटाचा घे. हशा नाही पिकणार.

काकूंनी तुझ्यासाठी दोन ब्लाउज शिवलेत आणि लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे. तुझा भाऊ शनिवारी येतोय म्हणालीस, त्याच्याबरोबर देतो. बरणीखाली वर्तमानपत्राच्या घडीत एक पाकीट आहे. तुझ्या स्कूटीचं मागचं टायर गोटा झालंय, परवा चर्चच्या आवारात पाहिलं. पाऊस सुरू व्हायच्या आत बदलून घे. उरलेले परत पाठवू नकोस.

तुझा,
काका