वाचक विचारतात : वीस घरांचा डेक आणि मांगातले गडी

गेल्या अंकात निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेम-मशीनवरच्या ‘जंप सुपर स्टार्स’ (2005) आणि ‘जंप अल्टिमेट स्टार्स’ (2006) या दोन लढाईच्या गेमबद्दल लिहिलं होतं. जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकातल्या मांगांमधले (जपानी चित्रकथांमधले) गडी एकाच मैदानात उतरवणारे हे गेम गानबारिऑन या कंपनीने बनवले आणि निन्टेन्डोने विकले. दोन्ही फक्त जपानात निघाले. त्यावर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : दोन्हीपैकी एकच घ्यायचा तर कुठला घ्यावा? जुने खेळणारे ‘सुपर’चं नाव घेतात, बाकी सगळे म्हणतात ‘अल्टिमेट’ सोडून दुसरं काही घेऊच नका. (शहापूर, बेळगाव)

‘अल्टिमेट’ घ्या. नुसत्या आकड्यांवर भागत असेल तर ‘सुपर’मध्ये 27 मालिका आहेत आणि ‘अल्टिमेट’मध्ये 41. त्यातले 56 गडी हातात घेऊन लढता येतं. लहानमोठे सगळे धरले तर पात्रं तीनशेच्या वर जातात. ‘रुरोनी केनशिन’मधला केनशिन हवा असेल तर प्रश्नच मिटला, तो ‘अल्टिमेट’मध्येच सापडेल.

पण ‘सुपर’वाले उगाच बोलत नाहीत. ‘अल्टिमेट’मध्ये गर्दी इतकी आहे की निम्मे गडी पेटीतच पडून राहतात, आणि नवी चौकट (म्हणजे गड्याचं मांगातलं चित्र) उघडायला जेम्स (गेममधली रत्नं) गोळा करत तेच तेच सामने खेळावे लागतात. ‘सुपर’ आटोपशीर आहे, पंधरा दिवसांत सगळा डाव ध्यानात येतो. घरात दहा-बारा वर्षांचं पोर पहिल्यांदाच असा गेम धरणार असेल आणि ‘सुपर’ स्वस्तात मिळत असेल, तर आम्ही नाक मुरडणार नाही. दोन्ही घेण्यात मात्र अर्थ नाही. ‘अल्टिमेट’ची सवय झाली की ‘सुपर’ला परत कुणी हात लावत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूची आठ घरांची चौकट आहे, तरी धाकटा भाऊ चार-चार घरांचे गडी घेऊन मला रोज हरवतो. चूक कुठं होतीय? (निपाणी)

चूक लढाईत नाही, डेक (म्हणजे निवडलेल्या चौकटींचा संच) मांडण्यात आहे. या गेममध्ये निम्मा सामना मैदानात उतरायच्या आधीच लागलेला असतो.

हिशेब असा. खालच्या स्क्रीनवर पाच आडवी आणि चार उभी, म्हणजे वीस घरं. प्रत्येक पात्र मांगातल्या एका चौकटीच्या रूपात येतं, जपानीत तिला ‘कोमा’ म्हणतात. एका घराची चौकट म्हणजे मदतनीस. दोन-तीन घरांची म्हणजे साथीदार : बोट लावलं की तो येतो, एक वार करतो आणि जातो. चार ते आठ घरांची म्हणजे प्रत्यक्ष लढणारा गडी (‘सुपर’मध्ये ही हद्द सातपर्यंतच). तिन्ही जातींची निदान एकेक चौकट असल्याशिवाय डेक पुरा होत नाही.

तुम्ही आठ घरं एकट्या गोकूला दिली. उरली बारा. त्यात पाच घरांचा दुसरा गडी घेतला की सात उरतात, आणि त्यात दोन साथीदार नि दोन-तीन मदतनीस बसतात. कागदावर हे बरं दिसतं. पण गोकू दमला की मागे एकच माणूस उरतो. भाऊ बहुधा 4+4+4+3+2+2+1 असं मांडत असणार. त्याचे तीन गडी आळीपाळीने येतात, एकाला मार बसला की तो लगेच दुसरा पुढं करतो. तुमचा पैलवान जड आहे, पण भावाच्या बाजूने मैदानात ताजा माणूस उतरतोय.

आधी 6+5+3+2+2+1+1 करून बघा. बेरीज वीसच. मोठी चौकट म्हणजे तोच गडी जास्त ताकदीने येतो, पण पाचावरून सहावर आणि सातावरून आठवर जाण्यातला फायदा हातात सारखा जाणवत नाही. आमच्या मते पाच-सहा घरांत बहुतेक गडी पुरेसे तयार असतात. आठ घरांची चौकट ही हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण निपाणीत रोज हरायचंही नसतं.

चौकटी सगळ्या चौकोनी नाहीत. काही एल आकाराच्या, काही पायरीसारख्या असतात, आणि त्या फिरवता येत नाहीत. म्हणून बेरीज वीस झाली तरी प्रत्यक्षात एखादं घर कोपऱ्यात अडकून रिकामं राहतं. मोठे दोन गडी आधी बसवा, मग साथीदार, आणि एका घराचे मदतनीस शेवटी फटी बुजवायला. उलट क्रमाने गेलात तर तासभर चौकटी सरकवत बसाल. एकमेकांशी जमणाऱ्या पात्रांच्या चौकटी शेजारी लागल्या तर गड्याला जादा बळ मिळतं. त्यासाठी वाटल्यास एखाद्या घराची ताकद सोडा, परवडतं.

आता जागेचं बघा, इकडे बहुतेक खेळणारे लक्ष देत नाहीत. एक घर स्क्रीनवर जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं. लढताना डावा अंगठा दिशेच्या बटणावर आणि उजवा वाराच्या बटणांवर अडकलेला असतो. वारंवार लागणारा साथीदार अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवला तर त्याला बोलवायला हात सोडावा लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात तुम्ही भिंतीबाहेर. ज्याला जास्त हाक मारायची तो उजव्या कडेला, अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा. सामन्यात काडी (स्टायलस) धरू नका. ही स्क्रीन दाबाने चालते, त्यामुळे अंगठ्याच्या नखाची कड अचूक लागते. डेक मांडताना मात्र काडीच बरी.

भिंतीचं तर ध्यानात ठेवाच. मैदानाच्या कडेच्या भिंती मार बसून फुटतात, आणि फुटलेल्या जागेतून गडी बाहेर फेकला की ताकद कितीही शिल्लक असो, तो गेला. आठ घरांच्या गोकूला हरवायचा हाच सोपा मार्ग आहे, आणि तुमच्या भावाला तो बहुतेक सापडलेला आहे.

प्रश्न : जपानी एक अक्षर येत नाही. मेनू पाठ करण्याशिवाय दुसरा इलाज आहे का? (खानापूर)

आहे, आणि सीमाभागातल्या वाचकाला तो इतरांपेक्षा सोपा जाईल. बसच्या पाटीवर कन्नड, घरात मराठी, शाळेत इंग्रजी अशा तीन लिप्या तुमच्या डोळ्यांखालून रोज जातात. चौथी जड नाही.

सगळी जपानी शिकायची गरज नाही. रुफी (म्हणजे आपला लुफी), नारुतो ही नावं काताकाना लिपीत असतात. तिची मूळ अक्षरं 46, आणि त्यांचा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून गेलेला आहे, बौद्ध पंडितांबरोबर. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. कंठापासून ओठांपर्यंत आणि शेवटी य-र-व, हे तुम्ही बालवाडीत घोकलेलंच आहे. ‘च’च्या जागी ‘स’ दिसतो एवढं लक्षात ठेवा. क्रमाचा फायदा असा की पाच-पाच अक्षरांच्या ओळी पाठ होतात, सुटी अक्षरं घोकावी लागत नाहीत. रोज एक ओळ धरली तर दहा दिवस.

सगळीच नावं अशी वाचता येणार नाहीत, गोकू आणि इचिगो यांची नावं चिनी चित्रलिपीत आहेत. तिथे चेहरा बघायचा, चौकटीवर तो असतोच.

मेनूतले चार-पाच शब्द (लढाई, डेक, साठवा, होय, नाही) वहीत चित्रासारखे उतरवून ठेवा. ‘होय-नाही’ची गल्लत सगळ्यांत महाग पडते. पुसायचा प्रश्न आला की घाईने बटण दाबलं जातं आणि महिन्याचा साठवलेला खेळ जातो. न कळणारा प्रश्न आला तर बी बटण दाबून मागे फिरा.

मोहिमेतल्या अटी मात्र नुसत्या लिपीने कळत नाहीत. तिथे मोबाइलचा कॅमेरा-भाषांतर वापरा. भाषांतर ओबडधोबड येतं, तरी ‘इतक्या सेकंदांत’ की ‘इतके गडी पाडून’ एवढं समजतं, आणि तेवढंच लागतं.

प्रश्न : पावसाळ्यात डीएस लाइटचं खांद्याचं आर बटण कधी लागतं, कधी नाही. शिवाय बोट एकीकडं लावलं की भलतीच चौकट उघडते. दुरुस्तीला टाकावं का? (येळ्ळूर)

आधी घरी बघा. हे दोन वेगळे आजार आहेत.

बटणाच्या आत बारीक स्विच असतो. दमट हवेत त्याच्या संपर्काच्या जागेवर थर चढतो. मशीन बंद करून बटण चाळीस-पन्नास वेळा जोरात दाबा, मग फटीतून कोरडी हवा मारा. तोंडाने फुंकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. लगेच गुण येतो हे खरं, पण थुंकीची वाफ आत जाते आणि आठवड्यात पुन्हा तेच. त्यापेक्षा 90 टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक थेंब फटीत सोडा, बटण दाबत राहा आणि अर्धा तास उलटं ठेवून वाळवा. तरीही लागत नसेल तर स्विच बदलायला हवा. ते सोल्डरिंगचं काम आहे, मोबाइल दुरुस्त करणारा हुशार कारागीर करू शकतो. मात्र त्याच्याकडे तीन पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा. साध्याने प्रयत्न केला तर स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग मशीन उघडतच नाही.

भलती चौकट उघडण्याचं कारण बहुतेक वेळा कचरा. स्क्रीन आणि तिच्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कडेमध्ये माती, बिस्किटाचा भुगा अडकतो आणि कड सतत दाबलेली राहते. जाड पोस्टकार्डाची कड त्या फटीतून चारी बाजूंनी फिरवा, काय काय निघतं बघा. त्यानंतरच सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श जुळवणी करा, दाखवलेल्या खुणांवर काडीचं टोक नेमकं टेकवून. कचरा न काढता जुळवणी केली तर चूकच पक्की होते.

जून ते सप्टेंबर मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात याला पर्याय नाही. तांदळात पुरून ठेवू नका, त्याची भुकटी बिजागरीत जाते.

प्रश्न : ऑनलाइन जुनी कॅसेट घेतोय. इकडच्या थ्रीडीएसवर (डीएसनंतरच्या मशीनवर) जपानी कॅसेट चालेल का? नकली कशी ओळखायची? (चिकोडी)

चालेल. प्रदेशाचं कुलूप थ्रीडीएसच्या स्वतःच्या गेमना आहे, साध्या डीएसच्या कॅसेटला नाही. थ्रीडीएसवर चित्र ताणून अंधूक दिसतं. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरलं तर मूळ मापात, लहान पण स्वच्छ दिसतं. चौकटीतली चित्रं बघायची तर तसंच खेळा.

नकली ओळखायला पुढच्या लेबलचा फोटो मागा. अस्सलवर एनटीआरने सुरू होऊन जेपीएनने संपणारा क्रमांक असतो. अक्षरं पसरलेली, रंग विटका, कागद चकचकीत असेल तर संशय घ्या. मागच्या बाजूच्या सोनेरी पट्ट्यांचाही फोटो हवाच. खरी परीक्षा साठवण्याची : एक डेक बनवा, बंद करा, कॅसेट काढून पुन्हा घाला. नकली कॅसेटमध्ये डेक बऱ्याचदा इथेच गायब होतो. त्यामुळे परत करायची मुदत किती आहे ते आधी बघून पैसे द्या.

मशीनही जपानहून मागवत असाल तर दोन गोष्टी. जपानी डीएस लाइटची मेनूभाषा इंग्रजी करता येते, जपानी थ्रीडीएसची नाही. आणि चार्जरवर ‘इनपुट’पुढे काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 100 व्होल्ट असेल तर आपल्या 230च्या प्लगमध्ये तो लावायचा नाही, जळतो. डीएस लाइटचा चार्जर वेगळा. डीएसआय आणि थ्रीडीएसला एकच चालतो.

प्रश्न : आम्ही चौघं एकत्र खेळू शकतो का? ऑनलाइन कुणी मिळतं का? (संकेश्वर)

चौघं खेळू शकता, चार मशीन एका खोलीत हवीत. प्रत्येकाला आपला डेक वापरायचा तर प्रत्येकाची आपली कॅसेट हवी, कारण डेक कॅसेटमध्येच साठतो. डीएस आणि थ्रीडीएस एकमेकांशी जोडले जातात. ऑनलाइनचं दार निन्टेन्डोने 20 मे 2014 रोजी बंद केलं.

एक सावधगिरी : तीन इंची स्क्रीनवर चार गडी आणि वर त्यांचे साथीदार उतरले की आपला कुठला हेच कळत नाही. अनुभवी खेळणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. चौघांचा गोंधळ मजेचा, पण कोण भारी हे ठरवायचं असेल तर दोघा-दोघांत लावा.

प्रश्न : याच्यासारखा नवा गेम हातातल्या मशीनवर आहे का? (टिळकवाडी, बेळगाव)

सारखा नाही. ‘जे-स्टार्स व्हिक्टरी व्हीएस’ 2014 मध्ये जपानात प्लेस्टेशन व्हीटावर आला, 2015 मध्ये बाहेरही. त्यात दोघांविरुद्ध दोघं मोकळ्या त्रिमितीय मैदानात लढतात. इंग्रजीत मिळतो हा मोठा फायदा, पण चौकटी नाहीत, वीस घरं नाहीत. ‘जंप फोर्स’ची निन्टेन्डो स्विच या मशीनवरची आवृत्ती 2020 मध्ये आली आणि 7 फेब्रुवारी 2022 पासून तिची डिजिटल विक्री थांबली. आता घ्यायचा तर जुनी कॅसेटच शोधावी लागेल. दिसायला तो झगझगीत आहे, चेहरे मात्र मेणाच्या पुतळ्यांसारखे. स्विच असेलच आणि स्वस्तात मिळाला तर घ्या, त्यासाठी मुद्दाम स्विच घेऊ नका.

डेक मांडण्याचा नाद ज्याला लागला त्याला या दोन्हींत करमत नाही. तेच पैसे डीएस लाइटच्या नव्या बॅटरीवर घाला. ती बदलायला मागचा एकच स्क्रू काढावा लागतो.