समुद्र तापला तर स्क्विडचं कसं होतं?

प्रश्न : पाणी गरम झालं की मासे कमी होतात म्हणतात, पण स्क्विड (माकूल, ऑक्टोपसचा भाऊबंद) म्हणे त्यातही टिकतात आणि अंडीही घालतात. त्यांना पुढचं आधीच कळतं का?

उत्तर : कळत वगैरे काही नाही हो, वाट बघायला त्यांच्याकडे वेळच नसतो. बहुतेक स्क्विड जेमतेम वर्षभर जगतात, शेवटी काय ती अंडी घालतात आणि मरतात, म्हणजे दरवर्षी जवळपास अख्खी पिढीच नवी आणि ती ज्या पाण्यात वाढली त्याप्रमाणे तिचा वाढीचा वेग ठरतो.

सगळ्यात भारी उदाहरण मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या हम्बोल्ट स्क्विडचं, ही स्क्विडमधली एक मोठी जात. २००९-१० च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या काळात, तिथे खालून वर येणारं थंड, पोषक पाणी कमी झालं आणि खाण्याचे वांधे झाले. मग जे तिथेच राहिले ते साधारण सहा महिन्यांतच, म्हणजे एरवीच्या निम्म्या वयातच अंडी घालायला तयार झाले, अंगाने इतके लहान की बघणाऱ्याला पिल्लंच वाटावीत! आणि जे उत्तरेला बेटांकडे सरकले, जिथे भरती-ओहोटीने पाणी घुसळून थंडच राहतं, ते मात्र नेहमीसारखे मोठे झाले. जात एकच, साल एकच, तरी दोन तऱ्हा.

वय कसं कळलं म्हणाल तर स्क्विडच्या डोक्यात तोल सांभाळणारा एक बारीकसा खडा असतो, त्यावर रोज एक थर चढतो, तो घासून पातळ करायचा आणि मायक्रोस्कोपखाली रेघा मोजत बसायचं. किचकट काम आहे पण जन्मतारीखच मिळते.

अर्थात हे फुकट होत नाही. याच आखातात २००६ मध्ये हम्बोल्टचा दोन-तीन मीटर रुंद, जेलीसारखा अंड्यांचा गोळा सापडला होता, त्यात अंदाजे ६ ते २० लाख अंडी होती. छोट्या मादीला एवढी कुठून जमणार? फक्त लवकर घालून मोकळी होते, एवढंच.

बाकी जपानकडच्या स्क्विडच्या अंडी घालायच्या जागाच तापमानाप्रमाणे सरकतात. पण प्रत्येक गोष्टीवर तोडगा आहे असं नाही. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी ॲसिडिक होतं, तसं पाणी लॅबमध्ये बनवून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्क्विडची अंडी त्यात वाढवली तर पिल्लं उशिरा बाहेर आली, लहान निघाली आणि तो तोलाचा खडाही नीट तयार झाला नव्हता.