आधी डॉक्टरांना खरं सांग, मग नवऱ्याला

प्रिय 'बोटं न वळणारी',

सही तूच अशी केलीयेस म्हणून तेच नाव वापरते. पत्र लांब होतं, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुला पाच वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात आहे, आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू होती, कोविडची साथ आली, कुणीतरी म्हणालं या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जाते, आणि तू तीन महिन्यांपूर्वी मेथोट्रेक्सेट गुपचूप बंद करून टाकलीस. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना सांगितलंस 'सगळं चालू आहे'. आता सकाळी तास-दीड तास बोटं उघडत नाहीत, आणि दिवसभर घरूनच काम करणाऱ्या नवऱ्याला वाटतं तू कामं टाळतेस. विचारलंयस, साथ संपेपर्यंत थांबू का आणि घरी कसं सांगू.

थांबू नकोस. भीती वाटणं चूक नाहीये गं, ती गोळी प्रतिकारशक्तीला थोडा आवर घालतेच, तिचं कामच ते, कारण तुझ्या आजारात ती शक्ती तुझ्याच सांध्यांवर तुटून पडलीये. पण पुढचं कुणी तुला सांगितलं नाही. गोळी सुटली की आजार भडकतो, भडकलेला आजार स्वतःच इन्फेक्शनचा धोका वाढवतो, आणि तो विझवायला मग स्टिरॉइड द्यावं लागतं. अशा पेशंटना कोविड झाल्यावर काय होतं याच्या 2020 मध्ये वेगवेगळ्या देशांतून नोंदी गोळा केल्या, त्यात हॉस्पिटलात जावं लागण्याशी संबंध दिसला तो रोज 10 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, घेणाऱ्यांचा, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांचा तसा दिसला नाही. म्हणजे ज्याला घाबरून गोळी सोडलीस त्याच्याकडेच चाललीयेस.

पण म्हणून आज रात्री डबी काढून गोळी घेऊ नकोस! आणि राहिलेले डोस भरून काढायला रोज एक वगैरे तर अजिबात नाही, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना फोन करून खरं सांग. ते रागावतील बहुतेक, रागावू दे, रक्त आणि लिव्हर-किडनीच्या टेस्ट करून डोस कुठून सुरू करायचा ते तेच ठरवतील. सुजलेल्या बोटांचे फोटो सकाळी उठल्या उठल्या काढून ठेव, कारण दुपारच्या कॉलपर्यंत सूज उतरलेली असते आणि मग स्क्रीनवर सगळं छानच दिसतं. आखडलेपणा किती वेळ राहतो तेही लिहून ठेव. पुढे कधी ताप आला, कोविड निघाला, तर गोळी काही दिवस थांबवायची का हेही त्याच फोनमध्ये विचारून घे, म्हणजे ऐनवेळी पुन्हा स्वतःच्या मनाने काही करायला नको.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे म्हणून कोविड होणार नाही असं जे कुणी सांगितलंय ते मात्र विसर. 2020 च्या सुरुवातीला त्या गोळीवर अशी झुंबड उडाली की ज्यांना ती खरंच लागते त्या ल्युपस (यातही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) आणि संधिवातवाल्यांनाच कित्येक ठिकाणी मिळेना, आणि जूनमध्ये मोठ्या चाचणीत दिसलं की कोविडच्या पेशंटना तिचा उपयोग नाही. तुझ्या सांध्यांसाठी आहे, तेवढ्यासाठी घे.

आता नवरा. पत्रावरून मला तो दुष्ट वाटला नाही, त्याला दिसतच नाहीये एवढंच, आणि तू दिसू देत नाहीयेस. दुपारी तू नीट चालतेस, हसतेस, मग सकाळचं त्याला नाटक वाटतं. 'मला बरं नाही' हे तू पाच वर्षं म्हणतेयस, त्याचा आता परिणाम होत नाही. त्याऐवजी नेमकं सांग, की माझे हात दहापर्यंत चालत नाहीत, झाकणं उघडणं, पिळणं, जड उचलणं सकाळी तुझं, दुपारनंतर बाकीचं मी बघते. आणि गोळ्या बंद केल्या होत्या हेही त्याच बोलण्यात सांग, नंतर कळलं तर तो ते धरून बसेल. पुढच्या व्हिडिओ कॉलला त्याला शेजारी बसव, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बायकोचं खरं वाटायला लागतं, चीड येते मला याची पण उपयोग होतो.

सॅनिटायझरचा पंप दाबताना बोट दुखतं असं लिहिलंयस, तर तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने दाब, किंवा सरळ साबण. मास्कही गाठी मारायचा नको, कानात अडकवायचा घे. सकाळी हात कोमट पाण्यात धरून बोटं हळूहळू उघड-मीट कर, सूज असली तरी जमेल तेवढीच, अजिबात न हलवता ठेवलीस तर जास्त आखडतात.

आणि लस. पत्रात एका ओळीत उरकलंस, 'घाबरून घेतली नाही'. तुझ्या आजारात कोविडची लस घ्यायला तज्ज्ञ सांगतायत, तिच्यात जिवंत व्हायरस वाढत नाही. आजार आटोक्यात असेल तर काहींना डोसनंतर आठवडा-दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतात, म्हणजे लस जास्त लागू पडते, तुझ्या बाबतीत काय करायचं ते डॉक्टरांना विचार, आणि यावेळी ते सांगतील तेवढेच दिवस थांबव.

– मावशी