मार खरा दिसतो, मग हसू का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या हाँगकाँगी कुंग फू विनोदी सिनेमांसारखी बाकड्यावरची मारामारी शॉर्टफिल्मसाठी बसवली, मार खरा वाटतो, पण कोणी हसत नाही.

मारामारी ठीक असेल, कॅमेरा तपासा. प्रत्येक ठोशाला क्लोजअप लावला की बाकडं कुठून उलटलं नि कुणाच्या नडगीवर आदळलं, हे कळतच नाही. जॅकी चॅन, सॅमो हंग या हाँगकाँगी नट-दिग्दर्शकांची मारामारी बघा: कॅमेरा मागे, बहुधा स्थिर, लढणाऱ्या दोघांचे पाय आणि बाकडं एकाच चौकटीत. फजिती कशामुळे झाली हे त्याच शॉटमध्ये दिसलं पाहिजे.

मग ठेका. जॅकी आणि सॅमो लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या (चिनी पारंपरिक संगीतनाट्याच्या) तालमीत तयार झालेले. तिथे ढोल-झांजांवर हालचाल होते आणि मध्येच मुद्रा धरून थांबतात. म्हणून तीन-चार वार, मग थांबा. बाकडं नडगीवर बसलं की गडी जागीच थिजतो, साधारण सेकंदभर, आणि मग चेहरा वाकडा होतो. हशा तिथे पिकतो. थांबा कमी पडला तर विनोद निसटतो, दोन सेकंद ताणला तर बालनाट्य.

कटची युक्ती: लांबच्या शॉटमध्ये वार लागू द्या, मग जवळचा शॉट वार लागण्याच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून सुरू करा. वार दोनदा दिसतो, पण डोळा तो एकच, जास्त जोरकस धरतो. सहा-सात फ्रेम ठेवल्यात तर क्रिकेटचा रिप्ले होईल.

वेग: सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमवर शूट करा, दाखवा 24 वरच. हालचालीचा वेग साधारण 9 टक्के वाढतो. 20 वर गेलात तर कपड्यांची फडफड चुगली करते.

नायकालाही दुखू द्या. ठोसा मारून त्याने स्वतःचाच हात झटकला पाहिजे. 'प्रोजेक्ट ए'मध्ये (1983) जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतं फाडत खाली आपटतो, आणि ती आपटी सिनेमात लागोपाठ दोनदा दाखवली आहे. (त्याआधीचं घड्याळाच्या काट्याला लटकणं मूळचं मूकपटातल्या विनोदवीर हॅरॉल्ड लॉइडचं, 1923 सालचं.)

आवाज: सगळीकडे एकच ढिश्यूम नको. बाकड्याला पोकळ लाकडाचा 'ठक', तोही वार लागतो त्याच फ्रेमवर. आणि बाकड्याच्या कडांना फोम, पँटच्या आत शिनगार्ड (नडगीचं संरक्षक कवच). आधी अर्ध्या वेगात तालीम, मगच पूर्ण वेग.