‘रिव्हील’ने नेमके काय उघडते?

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. माझ्याजवळच्या शब्दकोशात ‘रिव्हील’, ‘डिस्क्लोज’, ‘एक्स्पोज’ आणि ‘डायव्हल्ज’ या चारही क्रियापदांपुढे ‘उघड करणे’ हाच अर्थ पहिला दिलेला आहे. या चौघांत फरक कोणता? शिवाय ‘द एक्स-रे रिव्हील्ड अ फ्रॅक्चर’ या वाक्याचे ‘क्ष-किरण चित्राने अस्थिभंग उघड केला’ असे भाषांतर मी केले, ते संपादकांनी खोडले आणि कारण सांगितले नाही. त्यात चूक काय होती?

उत्तर : संपादकांनी वाक्य खोडले ते योग्यच केले, कारण मात्र सांगायला हवे होते. प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण ‘रिव्हील’चा स्वभाव त्यातूनच नीट कळतो.

निर्जीव वस्तूला कर्तेपद बहाल करताना इंग्रजीला जरासुद्धा संकोच वाटत नाही. ‘रिव्हील’च्या आधी अहवाल येतो, उत्खनन येते, जुने पत्र येते, एखाद्याचे मौनही येते, आणि वाक्य सुखाने चालते. मराठीत मात्र ‘उघड केले’ म्हटले की वाचक करणाऱ्याचा आणि त्याच्या हेतूचा शोध घेऊ लागतो. चित्राने अस्थिभंग उघड केला असे लिहिले, तर ते चित्र कालपर्यंत काहीतरी लपवून बसले होते आणि आज त्याने तोंड उघडले, असा भास होतो. दवाखान्यातून घरी आल्यावर आपण काय सांगतो? ‘एक्स-रे काढला, त्यात हाड मोडलेलं दिसलं.’ इंग्रजी वाक्यातला कर्ता इथे ‘त्यात’ होऊन बाजूला सरकला आणि क्रियापद अकर्मक झाले. लेखी मराठीत हेच ‘क्ष-किरण तपासणीत हाड मोडल्याचे दिसून आले’ असे होईल. ‘अस्थिभंग’ हा शब्द वैद्यकीय अहवालात शोभेल, कथेतल्या आईच्या तोंडी नव्हे.

बाजूला सरकलेल्या त्या कर्त्याला कोणता प्रत्यय किंवा कोणते शब्दयोगी अव्यय लावायचे, याकडे अनुवादकाने बारकाईने पाहावे. जे शोधले आणि सापडले, तिथे ‘त’ किंवा ‘मध्ये’ चालते : तपासणीत गाठ आढळली, उत्खननात भांडी मिळाली. जे आतून झिरपत बाहेर येते, तिथे ‘तून’ लागते : त्या पत्रातून त्याचे एकटेपण जाणवते. आणि जे दिसले त्याआधारे आपण तर्क केला, तिथे ‘वरून’ हवे : बोलण्यावरून ती कुठली ते कळले. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘रिव्हील’ खपून जाते. मराठीत आढळणे, जाणवणे, कळणे अशी तीन निरनिराळी क्रियापदे पुढे येतात, आणि त्यांपैकी एकातही ‘उघड’ हा शब्द नाही. हल्ली यावर उपाय म्हणून सरसकट ‘समोर आले’ लिहिले जाते. ते चूक नाही, परंतु एकाच पानावर चार गोष्टी समोर आल्या की वाचकाला मागे सरकावेसे वाटते.

उलट दिशेने जाताना हाच फरक मराठी माणसाला इंग्रजीत अडचणीत आणतो. आपल्याकडे फुटणे आणि फोडणे अशा जोड्या सहज मिळतात. बिंग आपोआप फुटते आणि कुणीतरी ते फोडतेही. ‘रिव्हील’ला असा अकर्मक जोडीदार नाही. त्यामुळे ‘गुपित उघड झाले’ याचे ‘द सीक्रेट रिव्हील्ड’ असे इंग्रजी केले, तर वाचणारा पुढच्या कर्माची वाट पाहत राहतो, कारण गुपितानेच काहीतरी उघड केले असा त्याचा अर्थ होतो. तिथे ‘वॉज रिव्हील्ड’ असा कर्मणी प्रयोग हवा, किंवा साधे ‘केम आउट’. दुसरी चूक ‘मला’ची. ‘त्याने मला गुपित सांगितले’ या वाक्यात ‘टेल’ वापरले तर ‘मी’ थेट येतो, ‘शो’ वापरले तरी येतो. ‘रिव्हील’ला मात्र तो चालत नाही. ‘ही रिव्हील्ड द सीक्रेट टू मी’ असेच म्हणावे लागते, मधला ‘टू’ गाळता येत नाही. उच्चारातही एक गंमत आहे. क्रियापदात आघात ‘व्ही’वर पडतो, पण त्याचे नाम ‘रेव्हलेशन’ झाले की तो पुढे सरकून ‘ले’वर बसतो आणि आरंभीचा ‘रि’ बदलून ‘रे’ होतो.

आता चौघांतला फरक. ‘रिव्हील’च्या मुळाशी लॅटिनमधला बुरख्याचा, आच्छादनाचा शब्द आहे, आच्छादन मागे सारणे हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृतातून आलेला आपला ‘अनावरण’ हा शब्द घडणीने त्याचा जवळचा नातलग आहे, मात्र आपण तो पुतळे आणि कोनशिलांपुरताच राखून ठेवला. धार्मिक ग्रंथांत ‘रेव्हलेशन’ म्हणजे ईश्वराने स्वतः दाखवलेले सत्य. बायबलच्या नव्या करारातील शेवटच्या पुस्तकाचे हेच नाव आहे आणि मराठी बायबलमध्ये ते ‘प्रकटीकरण’ असे येते. त्यामुळे ‘रिव्हील’मध्ये निंदेचा सूर मुळात नाही. जे आधी झाकलेले होते ते आता दिसू लागले, एवढेच ते सांगते. मग ते वाईट असो, सुंदर असो वा नुसतेच अनपेक्षित असो. ढग सरले आणि शिखर दिसले, तरी इंग्रजी लेखक ‘रिव्हील’ वापरतो. तिथे ‘ढगांनी शिखर उघड केले’ असे कोणी लिहिले, तर मीही ते खोडेन.

‘डिस्क्लोज’ म्हणजे शब्दशः बंद केलेले उघडणे. पूर्वी ते अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यासाठीही वापरत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पाचव्या अंकात राणी कबुतराच्या पिल्लांबद्दल बोलताना याच अर्थाने ते योजते. आज मात्र हे क्रियापद कागदपत्रांच्या दुनियेत स्थिरावले आहे. माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती स्वतःहून, बहुधा नियमाने बांधील असल्यामुळे, संबंधितांना देणे म्हणजे ‘डिस्क्लोज’. उत्पन्न, हितसंबंध, जुना आजार या गोष्टी ‘डिस्क्लोज’ करतात. त्यासाठी मराठीत ‘जाहीर करणे’ किंवा साधे ‘माहिती देणे’ पुरते. ‘नॉन-डिस्क्लोजर अ‍ॅग्रीमेंट’ला आपण ‘गोपनीयतेचा करार’ म्हणतो, म्हणजे इंग्रजीने न उघडण्याकडून पाहिलेली गोष्ट मराठीने झाकून ठेवण्याकडून पाहिली. मला यात मराठीची सोय अधिक आवडते, कारण ‘अप्रकटन करार’ वाचून कोणाला काय समजले असते?

‘डायव्हल्ज’च्या पोटात लॅटिनमधला सामान्य जनतेचा शब्द आहे, गुपित चारचौघांत पसरवणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘चव्हाट्यावर आणणे’ याच्या अगदी शेजारचा हा शब्द, पण चव्हाट्यावर बदनामीही येते, ती ‘डायव्हल्ज’मध्ये असेलच असे नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर पडली, एवढा ठपका मात्र त्यात असतो, आणि तो बहुधा नकारासह येतो : नाव सांगण्यास नकार दिला, ठिकाण सांगितले नाही. अशा ठिकाणी मराठीत ‘सांगणे’ पुरेसे असते.

राहिले ‘एक्स्पोज’. बाहेर मांडून ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यातून दोन वाटा फुटल्या. एक वाट कृत्याकडे जाते : लबाडी, भ्रष्टाचार, ढोंग. तिथे निंदा असते, म्हणून ‘पितळ उघडे पाडणे’, ‘बिंग फोडणे’ हे आपले वाक्प्रचार नेमके बसतात आणि ‘उघडकीस आणणे’ बातमीच्या भाषेत शोभते. दुसरी वाट संरक्षण काढून घेण्याची : ऊन, धूळ, विषाणू यांच्या तावडीत सापडणे किंवा त्यांच्या संपर्कात येणे. इथे ‘एक्स्पोज’नंतर ‘टू’ येतो आणि तोच खूण सांगतो. छायाचित्रणातला ‘एक्स्पोजर’ याच वाटेवरचा, कारण त्यात फिल्मवर किंवा सेन्सरवर प्रकाश पडू दिला जातो. ‘मुलांना एक्स्पोजर मिळायला हवे’ हे आपले रोजचे वाक्यही इथलेच. त्यात उघडे पाडण्याची छटा नाही, निरनिराळे अनुभव अंगावर घेण्याची आहे. त्याला नेमका मराठी शब्द हवाच असेल तर ‘चार गोष्टी पाहायला मिळाव्यात’ असे सरळ म्हणावे.

वर्तमानपत्रांचा लाडका ‘गौप्यस्फोट’ या चौघांपैकी कोणाचाच प्रतिशब्द नाही. दडवलेली, मोठी आणि खळबळ माजवणारी गोष्ट एखाद्याने जाणूनबुजून सांगितली, तरच तो शोभतो. अभिनेत्याने आपला आवडता रंग सांगितला, तर तो स्फोट कसला?

प्रश्न : खिडकीच्या चौकटीपासून भिंतीच्या दर्शनी कडेपर्यंतच्या बाजूला वास्तुरचनाकार ‘रिव्हील’ म्हणतात. भिंतीची जाडी तिथे दिसते, म्हणून हे नाव पडले का?

उत्तर : तर्क मोहक आहे, पण तसे नाही. हा ‘रिव्हील’ खाली आणणे, उतरवणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून आला, ज्याचे नाते दरीच्या शब्दाशी आहे. उच्चार आणि स्पेलिंग पुढे एकसारखे झाले, इतकेच. बुरख्याच्या ‘रिव्हील’शी त्याचा रक्तसंबंध नाही.